"पथ्य मोडलं असणार"

माझ्या लेकीच्या हनुवटीखाली पहिला पांढरा डाग दिसला तेव्हा ती नववीत होती. चार महिन्यांत बोटांच्या पेरांवर आणि गुडघ्यावरही आले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी कोड असल्याचं सांगितलं आणि उपचाराला वर्ष-दीड वर्ष लागेल हेही सांगितलं. मला तेवढा धीर नव्हता. नातेवाईक आत्तापासूनच तिच्या लग्नाचं बोलायला लागले होते. कुणीतरी कर्वे रस्त्याजवळचा एक पत्ता दिला. सहा महिन्यांत कोड मुळापासून जातं, फक्त आहार आणि पुड्या.

तिथल्या गृहस्थांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि छापील कागद हातात ठेवला. दूध, दही, ताक, लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो, लोणचं, सगळं बंद. आम्ही शाकाहारी, तरी मासे आणि दूध एकत्र खाल्लं होतं का, हे तीनदा विचारलं. महिन्याच्या पुड्यांचे साडेसहा हजार, तेही रोख. पावती "पुढच्या वेळी". पुड्यांवर नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही.

दोन महिन्यांत डाग वाढायचे थांबले. मी आनंदानं चार जणींना तो पत्ता दिला.

मग पोरीचा चेहरा गोल होत गेला, वजन सात किलोंनी वाढलं, पाठभर पुरळ आलं. एकदा पुड्या मिळायला आठ दिवस उशीर झाला, तर नवे डाग. जाब विचारला, तर उत्तर ठरलेलं: "पथ्य मोडलं असणार. मुलं चोरून खातात." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, लेकीवर नाही. शाळेतून आली की तिचा डबा हुंगून बघायचे. गुढीपाडव्याला मावशीकडे सगळ्यांच्या पानात श्रीखंड, हिच्या पानात पुरी आणि बटाट्याची भाजी. भाजीत लिंबू पिळलंय हे कळल्यावर मी तीही काढून घेतली. ती काही बोलली नाही. पुरी तशीच ठेवून पानावरून उठली.

सातव्या महिन्यात पुन्हा पुड्या संपल्या आणि ती जिन्यात चक्कर येऊन पडली. धावत पहिल्या डॉक्टर बाईंकडे गेलो. सकाळी आठ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड संप्रेरक, तपासलं, ते फारच कमी निघालं. पुड्यांत स्टेरॉइड असणार, असं त्या म्हणाल्या. स्टेरॉइडनं कोड पसरणं काही काळ थांबू शकतं, म्हणून आम्हाला गुण आल्यासारखा वाटला. पण बाहेरून ते मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, म्हणून पुड्या एकदम थांबल्यावर ती चक्कर येऊन पडली. बी-१२ सुद्धा घसरलं होतं. शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळतं, आणि नेमकं तेच आम्ही बंद केलेलं.

खाण्याचा त्वचेशी संबंध असतो, नाही असं नाही. गोड आणि मैद्याच्या पदार्थांनी मुरुमं वाढू शकतात, काहींना दुधानंही. मानेवरची काळी, जाड, मखमली त्वचा बऱ्याचदा इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असते. पण कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. दही किंवा लिंबू सोडून ते जात नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं ते होत नाही, आणि ते संसर्गजन्य तर नाहीच. हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कोड बरं करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं. बिननावाच्या पुड्यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. उरलेल्या पुड्या फेकू नका, तोच पुरावा. आमच्याकडे दोनच उरल्यात. पुण्यात श्वेता असोसिएशन हा कोड असलेल्यांचा गट आहे. मी आधी तिथं जायला हवं होतं.

ज्या चार जणींना मी पत्ता दिला, त्यांतल्या तिघींना गाठून सगळं सांगितलं. चौथी शाळेच्या फाटकाशी भेटलेली, तिच्या मुलाच्या पापणीवर डाग होता. तिचा नंबर आता लागत नाही. बाई, तू हे वाचत असशील तर पुड्या मनानं एकदम बंद करू नकोस. मुलाला आणि पुड्यांना घेऊन आजच डॉक्टरांकडे जा.