‘कॅमेरा वर्क’चे एकत्रित पुनर्मुद्रण : निवड पूर्ण, छपाई अपुरी

छायाचित्र ही यंत्राने उतरवलेली नक्कल नसून स्वतंत्र ललितकला आहे, हा आग्रह धरून अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कला ‘फोटो-सेसेशन’ हा गट स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी ‘कॅमेरा वर्क’ हे त्रैमासिक सुरू केले. १९१७ पर्यंतच्या त्याच्या ५० अंकांतील छायाचित्रे एका जाडजूड खंडात देणारी एक आवृत्ती माझ्या संग्रही आहे. छायाचित्रणाच्या अभ्यासकाने ती घ्यावी असे माझे मत आहे, मात्र तिची मर्यादा जाणून घ्यावी.

ही मर्यादा छपाईची आहे. मूळ अंकांतील बरीचशी चित्रे फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यात शाई भरून, अनेकदा तलम जपानी कागदावर छापली जात आणि मग हाताने पानावर चिकटवली जात. पत्र्यावरची खोली जशी कमी-अधिक, तशी शाई विरळ किंवा दाट उतरते, त्यामुळे गडद छायेतही तपशील जिवंत राहतो. १९०४ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनासाठी पाठवलेली या गटाची छायाचित्रे वेळेवर पोहोचली नाहीत, तेव्हा त्याऐवजी अंकांतील ग्रॅव्ह्यूर लावण्यात आले आणि बहुतेक प्रेक्षकांनी तीच मूळ छायाचित्रे मानली. ज्या चळवळीने कागद आणि शाई यांनाही कलाकृतीचा भाग मानले, तिची चित्रे चकचकीत कागदावर, ऑफसेटच्या ठिपक्यांत छापलेली पाहताना मला मनापासून वाईट वाटते. याच गटातील छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांच्या संधिप्रकाशातील दृश्यांचे तर यात सर्वाधिक नुकसान झाले आहे. तिथे नुसता काळा पट्टा उरतो.

तरीही सगळे अंक क्रमाने चाळण्याचे मोल फार मोठे आहे. पहिल्या अंकातील गर्ट्रूड केसबीर यांची मृदू चित्रे आणि पुढच्या अंकांतील रोबेर दमाशी यांचे ब्रशचे फटकारे दिसणारे गम प्रिंट (डिंकात रंग मिसळून उतरवलेली छायाचित्रे) चित्रकलेच्या शेजारी बसू पाहतात. १९११ मध्ये ‘द स्टीअरेज’ हे स्टिग्लिट्झ यांचे जहाजातील स्वस्त वर्गाच्या प्रवाशांचे छायाचित्र येते आणि शेवटच्या जोडअंकात पॉल स्ट्रँड यांची रोखठोक, धारदार छायाचित्रे ती धूसरता पूर्णपणे नाकारतात. ज्या संपादकाने मृदू शैलीचा कैवार घेतला, त्यानेच तिच्या विरोधकाला अखेरचा अंक द्यावा, हा प्रामाणिकपणा मला या सबंध उपक्रमात सर्वांत मोलाचा वाटतो.

छायाचित्र ही कला आहे का, या वादाचे मूळ लेख या खंडात जवळजवळ नाहीत. त्यांसाठी हायडेलबर्ग विद्यापीठाने ऑनलाइन उपलब्ध केलेले अंक सोबत वाचावेत.