आधी-नंतर विचारायचं, की शेवटीच दोन्ही?

प्रशिक्षणाने किती फरक पडला, हे शिकणाऱ्यांनाच विचारून मोजायचं, तर कधी विचारायचं? समजा, बचत गटाच्या हिशेबाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. पहिल्या सकाळी फॉर्म : ‘हिशेब कितपत जमतो? १ ते ५.’ ताई बिनधास्त ४ ला गोल करतात; किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, लिहितातच की! मग खतावणी (खातेवार नोंदी) येते, ताळेबंद येतो, व्याजाचा मेळ काही केल्या बसत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच ताई ३ ला गोल करतात. कागदावर प्रशिक्षणाने ताईंना मागे नेलं! खरं तर बदलली ती त्यांची मोजपट्टी : हिशेबात किती काय येतं, ते आता कळलं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉर्ज हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये यालाच ‘रिस्पॉन्स शिफ्ट’ म्हटलं.

दुसरी पद्धत : शेवटच्या दिवशी एकच फॉर्म, दोन रकाने. ‘आज किती जमतं?’ आणि ‘आता कळल्यावर सांगा, पहिल्या दिवशी किती जमत होतं?’ ताई ३ आणि १ लिहितात. पट्टी एकच. शिवाय आधीचे-नंतरचे फॉर्म जुळवत बसायची कटकट नाही.

पण यात भिडस्तपणा शिरतो. मॅडम इतक्या लांबून आल्या, मग आधीचा आकडा थोडा खालीच लिहू. मधेच सोडून गेलेल्या बायका तर या फॉर्मवर दिसतच नाहीत.

कौशल्याच्या स्वतःच्या अंदाजासाठी मी दुसरी पद्धत घेईन. ‘गेल्या महिन्यात बँकेत किती वेळा गेलात?’ असले मोजता येणारे प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी विचारावेत. ते नंतर कोणाला आठवतंय? आणि जमलं तर दोन्ही दिवशी पाच व्यवहार देऊन किर्द लिहायलाच सांगावी.