आल्सास की दोरो? निवांत भटकणाऱ्यांसाठी

आठ-दहा दिवस हाताशी आहेत, जुनी गावं बघायची आहेत, द्राक्षमळ्यांतून पायी हिंडायचंय आणि रोज सकाळी उठून बॅगा भरायच्या नाहीत. असा बेत असेल तर फ्रान्समधला आल्सास आणि पोर्तुगालमधलं दोरो नदीचं खोरं, या दोन्हींचा विचार जरूर करा. शेंगेन व्हिसा एकच असल्यामुळे दोन्ही एकाच सहलीत कोंबायचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर निम्मी सुट्टी विमानतळांवर जाईल.

सोयीच्या बाबतीत आल्सास सरस. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान गाडीने दोनेक तासांत स्ट्रासबर्ग, तिथून लोकलने अर्ध्या-पाऊण तासात कोल्मार. १९५३ साली आखलेला इथला वाइन-मार्ग सुमारे १७० किलोमीटरचा आहे, पण गावं इतकी खेटून आहेत की कोल्मारहून एगिसहाइमला सायकलनेही आरामात जाता येतं. गोची नेमकी तिथेच होते. जवळ आहेत म्हणून दिवसाला चार गावं उरकली जातात आणि संध्याकाळपर्यंत ती लाकडी चौकटींची रंगीत घरं सगळी एकसारखी वाटू लागतात.

त्यापेक्षा एक अख्खी सकाळ कोल्मारच्या उंटरलिंडेन संग्रहालयाला द्या. चित्रकार ग्र्यूनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान रंगवलेलं इझेनहाइमचं वेदीचित्र, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीवर लावायचं चित्र, तिथे आहे. ते ज्या मठासाठी काढलं, तिथे बुरशी लागलेलं राय नावाचं धान्य खाऊन आजारी पडलेल्यांची शुश्रूषा होत असे. या रोगात अंगाची आग व्हायची, हातपाय सडायचे. चित्रातल्या क्रुसावरच्या येशूचं अंगही जखमांनी भरलेलं आहे. बोटं वेदनेने ताठ झाली आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे चित्र बघून काय वाटलं असेल, या विचाराने पाय तिथून निघत नाही.

दोरोत घाई करायची म्हटलं तरी जमत नाही, आणि म्हणूनच माझं मत दोरोला. पोर्तोच्या साव बेंतो स्टेशनातून दोरोच्या खोऱ्यातल्या पिन्याव गावाला जायला गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात. उजवीकडची खिडकी पकडा. सुरुवातीचा बराच वेळ काही विशेष दिसत नाही. मग रूळ नदीकाठी उतरतात आणि पाटीच्या दगडाच्या डोंगरांवर पायऱ्यापायऱ्यांचे मळे सुरू होतात. या वाइन-प्रदेशाची हद्द १७५६ सालीच ठरवून दिली होती. पिन्याव स्टेशनच्या भिंतींवरच्या निळ्या टाइल्समध्ये द्राक्षतोडणी चितारलेली आहे. ती नीट बघून मगच बाहेर पडा.

सप्टेंबरमध्ये काही मळ्यांवर अजूनही ग्रॅनाइटच्या हौदात द्राक्षं पायांनी तुडवतात. माणसं खांद्याला खांदा लावून, एका तालात, संथपणे पुढे सरकतात. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेलं मद्य ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते. म्हणून पोर्ट ही इथली वाइन गोड लागते, पण तिच्यात अल्कोहोल सुमारे २० टक्के असतं. लहान पेला पुरतो.

शाकाहाऱ्यांना मात्र दोरोत अडचण होते. साध्या पालेभाजीच्या सूपमध्येही सॉसेजची चकती असते, त्यामुळे मुक्कामाच्या मळ्यावर आधीच कळवून ठेवा. आल्सासमध्ये फ्लामक्यूश, म्हणजे पातळ पोळीवर कांदा-चीज घालून भाजलेला पदार्थ, मिळतो; फक्त त्यात एरवी बेकन असतं, तेव्हा बिनमांसाचा मागा. आईवडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तेव्हाही आल्सासच बरं. दोरोचे चढ उभे आहेत आणि मळ्यांवर पोचायला टॅक्सी लागते. डिसेंबरात कोल्मारला नाताळबाजाराची तोबा गर्दी असते, जुलै-ऑगस्टमध्ये दोरो भाजून काढतं. दोरो ठरलं तर पोर्तोत चार रात्री, पिन्यावला निदान तीन, आणि तोडणीच्या हंगामातली खोली काही महिने आधीच धरून ठेवा.