मानेतल्या सुया : 'नारुतो', खंड २ ते ४

'नारुतो' ही निंजांची जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. ७२ खंड, ७०० प्रकरणं. मुलीने कॉलेजात असताना एकेक करत सगळे जमवले, आणि ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यावर मी ते सगळे वाचून काढले. पण परत परत हातात घेते ते तीनच. दुसरा, तिसरा आणि चौथा. 'नारुतो' म्हटलं की बहुतेकांना केशरी कपड्यातला, सतत आरडाओरडा करणारा मुलगा आठवतो. मला आठवतो भुवया नसलेला, अर्धा चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला मोमोची झाबुझा. आणि त्याच्या एक पाऊल मागे हाकू.

हे परीक्षण त्या दोघांपुरतंच आहे. शेवट सांगणार आहे. गोष्ट पंचवीस वर्षं जुनी, आता काय झाकायचं.

कथा थोडक्यात अशी. ताझुना नावाचा म्हातारा एका बेटावरच्या गरीब देशात पूल बांधतोय. पूल झाला तर समुद्री वाहतुकीवर मांड ठोकून बसलेल्या गातो नावाच्या धनदांडग्याचा धंदा बसणार. म्हणून गातो म्हाताऱ्याची सुपारी झाबुझाला देतो. म्हाताऱ्याच्या रक्षणाला निंजा गुरू काकाशी आणि त्याची तीन शिष्य पोरं : नारुतो, सासुके आणि साकुरा. मासाशी किशिमोतोने १९९९ मध्ये 'शोनेन जंप' साप्ताहिकात ही मालिका सुरू केली, त्यातली ही पहिली मोठी कामगिरी. गातोबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. बुटका, गॉगलवाला, दुष्ट. पुठ्ठ्याचा खलनायक.

खरा खलनायक झाबुझा. निंजांच्या ज्या धुक्याच्या गावातून तो पळालाय, तिथे पदवीच्या परीक्षेत वर्गमित्रांनी एकमेकांना ठार मारायचं असे. झाबुझाला परीक्षेला बसायची परवानगीही नव्हती तेव्हा त्याने शंभराच्या वर मुलं कापली. पुढे गावाच्या प्रमुखाविरुद्ध बंड केलं, ते फसलं. असा हा माणूस. आणि हाकूला तो काय म्हणतो? हत्यार. हाकू स्वतःलाही तेच म्हणवतो, वर आनंदाने.

आता मला यात काय दिसतं ते सांगायचं तर थोडं माझं सांगावं लागेल. मी एकोणीस वर्षं एका साहेबांची पीए होते. साहेब कडक. माणसं त्यांच्या केबिनमधून रडत बाहेर यायची. मला त्यांनी नावाने हाक मारलेली आठवत नाही. बेल वाजायची आणि मी जायची. 'छान झालं' हे शब्द एकोणीस वर्षांत एकदाही नाहीत. पण दौऱ्यावर जाताना ते लेटरहेडच्या चार-पाच कोऱ्या कागदांवर सही करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायचे. काही अडलं तर वरचा मजकूर मी टाइप करायचा. कोऱ्या कागदावर सही! त्यांच्या बायकोकडेही तसा कागद नसेल.

दुसऱ्या खंडातलं सुयांचं पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो ड्रॉवर आठवला.

प्रसंग असा. काकाशीने झाबुझाला झाडाशी खिळवलंय, शेवटचा वार बाकी आहे. तेवढ्यात वरून लांब सुया येतात आणि झाबुझाच्या मानेत घुसतात. मुखवटा घातलेला एक पोरगा खाली उतरतो, मी धुक्याच्या गावाचा शिकारी निंजा आहे, याच्या मागावर होतो, असं सांगतो, आभार मानतो. काकाशी नाडी पाहतो. बंद. पोरगा प्रेत उचलून नाहीसा होतो. पुढे काकाशीच्या डोक्यात प्रकाश पडतो. शिकारी निंजा प्रेताची विल्हेवाट जागच्या जागी लावतात, हा घेऊन का गेला? आणि सुया हे काय ठार मारायचं हत्यार आहे?

तो पोरगा म्हणजे हाकू. तिकडे जंगलात तो पट्टी कापायला वाकतो तर प्रेताचा हात वर येतो. झाबुझा कुरकुरत स्वतःच सुया उपटायला लागतो. किती रानटीपणा करतोस म्हणतो. पोरगा शांतपणे सांगतो की अशा ओढल्यात तर खरंच मराल. मानच का निवडलीस या प्रश्नाला त्याचं उत्तर असं, की तुमच्या अंगावर व्रण पडू नये म्हणून. शिवाय मानेला मांस कमी, मर्म नेमकं सापडतं.

हे सगळं ते इतक्या सहज बोलतात की पहिल्या वाचनात मी पान उलटून पुढे गेले. पण विचार करा. सुई एक नखभर सरकली असती तर? दगाबाजी, बंड आणि कत्तलीत वाढलेला माणूस, जो कुणाकडे पाठ करून झोपणार नाही, तो या पोराच्या हातात आपली मान देतो, आणि जागा झाल्यावर तक्रार करतो ती दुखण्याची. विश्वासाची नाही. पुढे दोन खंड तो हाकूला हत्यार हत्यार म्हणत राहतो, पण त्याची साक्ष त्या पानावर आधीच होऊन गेलेली असते. कोऱ्या कागदावर सही झालेली असते.

हाकूची बाजू लपलेली नाही. ती सगळीकडे सांडलेली आहे. आजारी झाबुझाच्या अंगाला गातो हात लावायला जातो तेव्हा हाकू त्याचं मनगट असं धरतो की हाड मोडतं. घाणेरडे हात लावू नका, एवढंच. आणि पहाटे हाच मुलगा जंगलात औषधी पाला खुडत असतो, तिथे जमिनीवर झोपलेला नारुतो त्याला सापडतो. मारू शकला असता. उठवतो. दोघं गप्पा मारत पाला खुडतात. माणसाला जपण्यासारखं कुणी असलं की तो खरा बळकट होतो, हे हाकू तिथे सांगतो. (जाता जाता 'मी मुलगा आहे' हेही सांगतो आणि नारुतोचा चेहरा बघण्यासारखा होतो. हा विनोद दहा वर्षांच्या वाचकासाठी आहे, ठीक आहे.)

तिसऱ्या खंडाचा पहिला अर्धा भाग मी भराभर उलटते. झाडावर पायांनी चढायचा सराव पानंच्या पानं चालतो. साकुराला या सगळ्या गोष्टीत उभं राहण्यापलीकडे काम नाही, याचा राग मला आजही येतो. बर्फाच्या आरशांची लढाई सुरेख काढलीय, पण कोण कशाच्या जोरावर काय करतोय याची भाषणं इतकी की वार कमी आणि व्याख्यान जास्त.

मग मुखवटा फुटतो. नारुतोची मूठ हवेत थांबते, कारण समोर तो पाला खुडणारा मुलगा असतो. आणि हाकू आपली गोष्ट सांगतो. बर्फाळ गावातला जन्म, अंगात बर्फाची विद्या, आणि यादवी युद्धानंतर अशा रक्ताच्या माणसांचा सगळ्यांना आलेला तिटकारा. बापानेच आईला मारलं, मग याच्यावर उठला. त्या रात्री घरात जिवंत राहिला तो एकटा हाकू. मग रस्त्यावर, बर्फात, कचऱ्यातलं खाऊन जगणारा पोर. त्याच्यासमोर झाबुझा येऊन उभा राहिला.

इथे माझं आणि माझ्या मुलीच्या मैत्रिणींचं जमत नाही. त्यांना ही प्रेमकथा वाटते. हाकू पंधरा वर्षांचा आहे, झाबुझा सव्वीसचा. हे लहान वयात उचलून आणलेलं मूल आहे, आणि उचलणाऱ्याने त्याला घर दिलं नाही, उपयोग दिला. तुझी कुणाला तरी गरज आहे, एवढ्या एका वाक्यावर त्या मुलाने उरलेलं आयुष्य काढलं. ही भक्ती पाहून माझा गळा भरून येतो आणि त्याच वेळी झाबुझाच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते. किशिमोतोचं मोठेपण हे की तो यातलं कुठलंच पुसत नाही. आपण मोडलेलं हत्यार आहोत, आता मला मारून टाक, असं जेव्हा हाकू नारुतोला शांतपणे सांगतो, तेव्हा ते उदात्त नाही वाटत. भयंकर वाटतं. तसंच वाटायला हवं.

चौथा खंड. काकाशीच्या कुत्र्यांनी झाबुझाला चहूबाजूंनी जखडलंय, काकाशी विजेने भरलेला हात घेऊन धावतोय. मधे हाकू येतो. हात त्याच्या छातीतून आरपार. आणि झाबुझा काय म्हणतो? शाब्बास. खरंच छान चीज सापडली होती मला. आणि हाकूच्या प्रेतासकट काकाशीला कापायला तो तलवार फिरवतो.

मुलगी म्हणते, आई, इथे तू त्याला कशी माफ करतेस? मी माफ करत नाही. पण मला ते पान खोटं वाटत नाही. ज्याने आयुष्यभर एकच भाषा शिकली तो त्या क्षणी त्याच भाषेत बोलणार. साहेबांची आई गेली त्या दिवशी त्यांनी मला बेल वाजवून बोलावलं आणि दुपारच्या मीटिंगची वेळ विचारली. मी सांगितली. ते मीटिंगला गेले.

मग गातो गुंडांची फौज घेऊन येतो, झाबुझाला पैसे द्यायचे नव्हतेच हे सांगतो, आणि हाकूच्या प्रेताला लाथ मारतो. नारुतो झाबुझावर ओरडतो. तो तुमच्यावर इतका जीव टाकत होता, तुम्हाला काहीच वाटत नाही? हे ओरडणं लांबलं आहे. जे आपल्याला दोन खंड दिसत होतं ते शब्दांत मांडायची गरज नव्हती. पण चित्रकार मात्र चुकत नाही. झाबुझा पाठमोरा ठेवलाय. नारुतोचं ओरडणं त्या रुंद पाठीवर आदळत राहतं. आणि मग तो एवढंच म्हणतो की पोरा, आता बास. गालावरून ओघळ येतो आणि पट्टीपाशी थांबतो.

त्या पट्टीसाठीच मी हे सगळं लिहायला बसले. पहिल्या भेटीपासून झाबुझाचं तोंड झाकलेलं आहे. आता दोन्ही हात निकामी आहेत. तो नारुतोकडे सुरा मागतो, दातांनी पट्टी फाडतो, आणि त्याचं तोंड आपल्याला स्पष्ट दिसतं. टोकदार दात. आता तो बोलेल असं वाटतं, तर त्या तोंडात तो सुरा धरतो आणि एकटा फौजेत घुसतो. पाठीत भाले घेऊन गातोपर्यंत पोचतो. गातो त्याला मर, जा त्या पोराकडे, अशा अर्थाचं काही म्हणतो, त्यावर झाबुझाचं उत्तर : हाकू जिथे गेला तिथे मी जाणार नाहीये. आपली जागा नरकात, हे त्याला ठाऊक आहे.

आणि चार पानांनंतर तोच माणूस काकाशीला सांगतो, मला त्याच्याजवळ नेऊन ठेव. बर्फ पडायला लागतं. 'हाकू' या नावाच्या चिन्हाचा अर्थ पांढरा. आयुष्यभर हा माझ्या शेजारी राहिला, निदान शेवटी मी याच्या शेजारी असावं, असं काहीतरी तो पुटपुटतो, आणि मग, जमलं तर तू गेलास तिथेच यायला आवडेल.

मी वाचली ती इंग्रजी आवृत्ती. इंग्रजीत सगळे एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलावतात. मूळ जपानीत हाकू 'झाबुझा-सान' म्हणतो, अदब सोडत नाही. माझ्या डोक्यात मात्र हे दोघं मराठीतच बोलतात. हाकू 'तुम्ही', झाबुझा 'तू'. आणि या शेवटच्या पानावर झाबुझाने सर्वनाम बदलावं असं मला वाटायचं. मग लक्षात आलं, बदलायची गरज नाही. आपल्याकडे 'तू' घरगड्याला म्हणतात आणि विठोबालाही. शब्द तोच, फक्त म्हणणारा गुडघ्यावर आलाय.

चित्रांबद्दल एकच. सुरुवातीच्या खंडांत किशिमोतोची रेघ अजून खरखरीत आहे, चेहरे कुठे कुठे बिघडतात. पण बर्फाची ती पानं जवळपास रिकामी सोडलीत आणि त्या रिकामेपणाला हात लावलेला नाही. हाकूच्या डोळ्याखाली एक कण वितळतो. लढाईच्या काळ्याकुट्ट पानांनंतर ती पानं उलटताना बोट आपोआप हळू होतं. दोन थडगी, एकावर ती अवाढव्य तलवार रोवलेली. आणि पुलाला नारुतोचं नाव. जपानात त्या नावाचा खरा पूल आहे, ओनारुतो, नारुतो सामुद्रधुनीवरचा, १९८५ मध्ये खुला झालेला. त्यामुळे जपानी वाचकाला तिथे हसूही येत असणार.

घ्यायचे असतील तर तिन्ही खंड एकदम घ्या. गोष्ट नवव्या प्रकरणापासून तेहतिसाव्यापर्यंत आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सुरुवातीपासून चौथ्याच्या मध्यापर्यंत. पुढे लगेच परीक्षेचं नवं लफडं सुरू होतं. पहिल्यांदाच मांगा हातात घेत असाल तर पुस्तक मागच्या बाजूने उघडायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. मी पहिली वीस पानं उलटी वाचली होती आणि मला वाटलं होतं मुलगी वेडी झालीय.

पुढे मालिकेतल्या महायुद्धात या दोघांना मेलेल्यांतून उठवून कठपुतळ्यांसारखं परत आणलंय. हाकू पुन्हा झाबुझाच्या आड येतो, या वेळी दुसऱ्याच्या हुकमाने. ते खंड माझ्याकडे आहेत, एकदा वाचलेत. परत नाही उघडले. मुलीच्या मते तेवढा भाग सोडून देणं म्हणजे फसवणूक. असेल.