नॅनो कार्यक्रमाचा आराखडा: छत्री, मिशन की महामंडळ?

नॅनो संशोधनाचा सरकारी कार्यक्रम आखायला समिती बसली की पहिला तास आकड्यावर जातो. किती कोटी मागायचे? माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या बैठकीतला. पहिल्या बैठकीत दोन गोष्टी ठरायला हव्यात: पैसा कुणाच्या खात्यातून जाणार, आणि पाचव्या वर्षी यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीचं बिल कोण भरणार. गेल्या पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या देशांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आणि त्यांची फळं आता समोर आहेत. तुमच्यावर एखाद्या विभागासाठी किंवा विद्यापीठांच्या गटासाठी असा आराखडा लिहायची वेळ आली असेल, तर अमेरिका, भारत आणि रशिया हे तीन नमुने शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

मुळात समन्वय लागतोच कशाला? साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) मापात पदार्थाचे गुण बदलतात. पिवळं सोनं द्रावणात माणकासारखं लाल दिसू लागतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा कण घ्या. तो बनवतो रसायनशास्त्रज्ञ. सनस्क्रीनमध्ये गेल्यावर तो त्वचेखाली उतरतो का, हे आरोग्य नियामकाने बघायचं. सांडपाण्यातून नदीत गेला की पर्यावरण खातं, कारखान्याच्या हवेत उडाला की कामगार खातं. कण एकच, पण फाइल चार कार्यालयांत फिरते. हा विषय कुठल्याच एका खात्यात मावत नाही, म्हणून समन्वयाचा प्रश्न इथे इतर शाखांपेक्षा जास्त टोकदार होतो.

अमेरिकेची छत्री

जानेवारी 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक विद्यापीठातल्या भाषणात नॅशनल नॅनोटेक्नॉलॉजी इनिशिएटिव्हची घोषणा केली. या कल्पनेची बांधणी करणाऱ्यांत नॅशनल सायन्स फाउंडेशनचे मिहाइल रोको आघाडीवर होते. 2001 च्या आर्थिक वर्षात या नावाखाली 46.4 कोटी डॉलर खर्च झाले. 2024 साठीची मागणी 2 अब्ज डॉलरच्या पुढे होती आणि आजवरची बेरीज 40 अब्जांच्या वर जाते.

हे आकडे वाचून वाटतं की कुठेतरी एक मोठी तिजोरी आहे. तशी ती नाही. या उपक्रमाला स्वतःचा निधीच नाही. विज्ञान, ऊर्जा, आरोग्य, संरक्षण अशी अनेक खाती आणि संस्था आपापल्या तरतुदीतून खर्च करतात आणि त्यातला नॅनोचा भाग एकत्र मांडतात. वर एक आंतरखात्यीय उपसमिती आणि एक छोटं समन्वय कार्यालय. त्या कार्यालयाचा खर्चसुद्धा खातीच वर्गणी काढून भागवतात.

डिसेंबर 2003 मध्ये याला कायद्याचा आधार मिळाला. दरवर्षी संसदेला हिशेब, दर तीन वर्षांनी नवा आराखडा आणि दर तीन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी, हे मूळ कायद्यातच लिहिलं गेलं. मला या नमुन्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. सरकार बदललं, प्राधान्यक्रम बदलले, तरी ही चौकट टिकली.

उणीवही याच रचनेतून येते. पैसा खात्यांचा असल्याने समन्वय कार्यालय विनंती करू शकतं, हुकूम देऊ शकत नाही. आणि सगळे आकडे खात्यांनीच कळवायचे, त्यामुळे जुन्याच कामावर नवी चिठ्ठी चिकटवायचा मोह होतो. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने 2008 मध्ये एक तपासणी केली. 2006 या वर्षात आरोग्य आणि पर्यावरण सुरक्षेच्या संशोधनाखाली दाखवलेले 119 प्रकल्प त्यांनी पाहिले, तेव्हा त्यातल्या 22 प्रकल्पांचा मुख्य उद्देश सुरक्षेचा अभ्यास हा नव्हताच. त्याच वर्षाअखेर नॅशनल रिसर्च कौन्सिलने सुरक्षा संशोधनाच्या आराखड्यावर कडक टीका केली. जबाबदार धरता येईल असं कुणी एक नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. सुधारित आराखडा आला तो 2011 मध्ये.

भारताचं मिशन

भारतात 2001 मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने छोट्या प्रमाणावर सुरुवात केली. 2007 मध्ये पाच वर्षांसाठी 1000 कोटींचं नॅनो मिशन मंजूर झालं. मिशन चालवणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते रसायनशास्त्रज्ञ प्रा. सी. एन. आर. राव. पुढच्या टप्प्यासाठी 2014 मध्ये मंत्रिमंडळाने 650 कोटींना मान्यता दिली.

इथली रचना अमेरिकेच्या उलट. निधी एका विभागाचा, परिषद एक, निर्णय एका टेबलावर. नव्याने उभं राहायचं असेल तर याचा फायदा फार मोठा. ज्या विद्यापीठांत नॅनोचं नावही नव्हतं तिथे केंद्रं निघाली, एम.टेक.चे अभ्यासक्रम सुरू झाले, मोहालीला नॅनो विज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. शोधनिबंधांच्या संख्येत भारत पहिल्या पाच देशांत पोहोचला. एवढ्या पैशात एवढी माणसं तयार होणं ही साधी गोष्ट नाही, आणि मिशनवर टीका करणाऱ्यांनी हे आधी कबूल करावं असं मला मनापासून वाटतं.

अडचण टप्प्याच्या शेवटी येते. मिशनला मुदत असते आणि यंत्राला मुदत नसते.

हे मी जवळून पाहिलंय. एका प्रयोगशाळेत नॅनो कणांचे फोटो काढणारा ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप प्लास्टिकच्या कव्हरखाली उभा होता. बाजूच्या टेबलावर नोंदवही, तिला दोऱ्याने बांधलेलं पेन, आणि शेवटची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची. मायक्रोस्कोपला काहीच झालं नव्हतं. त्याला थंड ठेवणारा चिलर बिघडला होता. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपली होती, प्रकल्प संपला होता, आवर्ती म्हणजे दरवर्षीच्या खर्चाच्या हेडखाली रक्कम शून्य होती. ऑपरेटर कंत्राटी, तो दुसरीकडे गेला. शेजारच्या विभागातली संशोधक विद्यार्थिनी आपली सॅम्पल्स कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवत होती. तिकडे स्लॉट मिळेपर्यंत तीन आठवडे जात आणि तोवर कुपीतले कण एकमेकांना चिकटून गोळे झालेले असत. मग जे फोटो येत, ते तिने बनवलेल्या पदार्थाचे नसतच. तिचं दीड वर्ष या फेऱ्यात गेलं.

कोट्यवधींचं यंत्र एका चिलरपायी बंद राहतं, कारण अनावर्ती म्हणजे एकदाच मिळणारा निधी मागणं सोपं असतं. उद्घाटन होतं, फोटो निघतो. आवर्ती निधी मागताना सांगण्यासारखं काहीच नसतं.

यंत्र कुणाचं?

या एका कसोटीवर अमेरिकेची रचना मला सरळसरळ सरस वाटते. तिथे 1994 मध्ये पाच विद्यापीठांचं सामायिक सुविधांचं जाळं सुरू झालं. 2004 मध्ये त्याच्या जागी 13 केंद्रांचं जाळं आलं, ती पुढे 14 झाली. 2015 मध्ये पुन्हा नव्याने स्पर्धा होऊन 16 केंद्रं निवडली गेली. त्या 16 केंद्रांसाठी पाच वर्षांची रक्कम होती 8.1 कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या एकूण नॅनो खर्चाच्या मानाने अगदी थोडी. पण तिच्यातून क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) चालवणारे पूर्णवेळ तंत्रज्ञ पोसले गेले, बाहेरच्या विद्यार्थ्याला आणि छोट्या कंपनीला दार उघडं राहिलं, आणि बाहेरचे वापरकर्ते किती आले, किती तास काम झालं याचा हिशेब द्यावा लागला. ऊर्जा खात्याच्या पाच राष्ट्रीय नॅनो केंद्रांत तर निष्कर्ष प्रसिद्ध करणार असाल आणि प्रस्ताव निवडला गेला, तर यंत्र वापरायचे पैसे पडत नाहीत. निष्कर्ष स्वतःपुरते ठेवायचे असतील तर पूर्ण खर्च भरायचा. नियम दोन ओळींचा, पण सार्वजनिक पैशाचं काय करायचं हे तो नीट सांगतो.

भारतातही याचं चांगलं उदाहरण आहे. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या मदतीने भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई इथल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांत बाहेरच्या संस्थांमधले लोक येऊन शिकतात आणि स्वतःच्या हाताने उपकरण बनवून जातात. लक्षात घ्या, हे नॅनो मिशनच्या निधीतून आलं नाही, दुसऱ्या मंत्रालयातून आलं. म्हणजे एका टेबलाची रचना कागदावर असली, तरी प्रत्यक्षात टेबलं अनेकच होती. जैवतंत्रज्ञान, संरक्षण, अणुऊर्जा, सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद), सगळ्यांचं आपापलं नॅनो. त्यांना जोडणारी अमेरिकेसारखी कायद्याची चौकट मात्र नव्हती.

सुरक्षितता

इथे अमेरिका आणि भारत दोघेही कमी पडले, आणि भारताचं मिशन जास्त. मिशन 2007 चं, तर नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं आली 2019 मध्ये आणि शेती-अन्नातल्या नॅनो उत्पादनांसाठीची 2020 मध्ये. नॅनोचा प्रसार करणाऱ्या टेबलावर सुरक्षेचा कागद नेहमी तळाशी जातो. युरोपने नियमांची बाजू आधी धरली. जुलै 2013 पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत नॅनो घटकापुढे तसं छापावं लागतं. निधीच्या बाबतीत युरोपने ग्राफीनवर (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) दहा वर्षांसाठी एक अब्ज युरोचा एकच मोठा प्रकल्प 2013 मध्ये उभा केला. पण बाजूला उभं राहायला सदस्य देशांचे स्वतःचे कार्यक्रम असतील तरच तसला एकाच पदार्थावरचा डाव परवडतो. नवा कार्यक्रम लिहिणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

रशियाचं महामंडळ

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. 2007 मध्ये सरकारी महामंडळ, 130 अब्ज रूबल, उद्देश थेट कारखाने आणि कंपन्या. 2011 मध्ये त्याचं भागभांडवली कंपनीत रूपांतर झालं. उपकरणांच्या प्लास्टिकच्या लवचिक डिस्प्लेंवर मोठी गुंतवणूक झाली, झेलेनोग्रादला कारखाना जाहीर झाला, तो काही उभा राहिला नाही. 2021 च्या नोव्हेंबरात कर्ज फेडणं अवघड झाल्याचं कंपनीने रोखेधारकांना कळवलं आणि रोख्यांचे व्यवहार थांबले. काही कंपन्या चांगल्या निघाल्या, नाही असं नाही. पण प्रयोगशाळेपासून बाजारापर्यंतचा मधला पूल बांधायच्या आधीच पलीकडच्या काठावर बाजारपेठ उभारायला निघाल्यावर सरकारी पैसा कर्जाच्या रूपात अडकतो.

मग काय निवडावं?

तुमच्याकडे आधीच चार-पाच सशक्त खाती नॅनोवर खर्च करत असतील, तर नवं मिशन काढू नका. ती खाती आपला पैसा सोडणार नाहीत आणि तुमचं मिशन सहावं खातं होऊन बसेल. छत्री धरा, पण तिला कायदा आणि बाहेरची तपासणी जोडा. त्या दोन गोष्टींशिवाय छत्री म्हणजे तिमाही बैठक आणि चहा. समन्वय कार्यालयाला एकूण खर्चाचा छोटासा भाग स्वतःच्या हाताने खर्च करू द्या, निदान सुरक्षा संशोधनापुरता तरी. अमेरिकेत नेमकी हीच फट राहिली.

पाटी कोरी असेल, प्रयोगशाळा दोन-तीनच असतील, तर मिशनच बरं. मात्र मंजुरीच्या टिपणीतच तीन गोष्टी लिहून घ्या, नंतर त्या मिळत नाहीत. यंत्राच्या किमतीसोबत त्याच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद. तंत्रज्ञांची पदं नियमित, कंत्राटी नव्हेत. आणि यंत्र संस्थेच्या मालकीचं असलं तरी ठरावीक तास बाहेरच्यांसाठी, त्याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी. यासाठी केंद्रांची संख्या निम्मी करावी लागली तरी चालेल. बंद यंत्रांची वीस केंद्रं असण्यापेक्षा चालू यंत्रांची दहा केव्हाही चांगली, आणि ज्यांना केंद्र मिळालं नाही त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाला त्यातूनच पैसे निघतात.

सुरक्षेचा निधी मात्र दोन्ही रचनांत प्रसार करणाऱ्यांच्या हाती देऊ नका. तो आरोग्य किंवा पर्यावरणाच्या बाजूला, पहिल्या वर्षापासून.

आणि आकडा भरायच्या आधी जवळच्या तीन-चार प्रयोगशाळांतून मोठ्या यंत्रांच्या नोंदवह्या मागवा. शेवटची नोंद कधीची, बाहेरची किती माणसं आली, बंद असेल तर कशापायी, एवढंच बघायचं. त्या वह्या वाचायला अर्धा दिवस पुरतो, आणि किती कोटी मागायचे आणि कशासाठी, हे त्यांतूनच समजतं.