कागदावर त्याची सहीच नव्हती

माझ्या धाकट्या भावाला देशाबाहेर काढण्याचा हुकूम मार्च २०२३ मध्ये निघाला. आम्हाला तो कळला जुलैमध्ये. मधले चार महिने तो माझ्याच घरात होता, माझ्या मुलाला शाळेतून आणत होता, आणि आम्ही सगळे समजत होतो की कोर्टाची तारीख पुढे गेली आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. भाऊ २०१९ मध्ये विद्यार्थी व्हिसावर आला. बाबांचं आजारपण निघालं, फीचे पैसे थांबले, एक सेमिस्टर बुडालं आणि स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर हक्क, गेला. तो परत मिळावा म्हणून केलेला अर्ज नाकारला गेला. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये 'नोटीस टू अपिअर', म्हणजे इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस, आली. इथे तिला सगळे एनटीए म्हणतात. तिच्यावर भावाच्या प्रकरणाचा नऊ आकडी ए-नंबर होता आणि नेवार्कच्या इमिग्रेशन कोर्टातली मार्चची तारीख. इथे फौजदारी खटल्यात ऐपत नसेल तर सरकार वकील देतं. इमिग्रेशन कोर्टात तसं नाही, वकील आपल्या खर्चाने आपणच शोधायचा. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं आणि घरात नुसता गोंधळ होता.

ओळखीतून एकाचं नाव कळलं. टॅक्स, विमानाची तिकिटं, ओसीआयचे (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या कार्डाचे) फॉर्म आणि इमिग्रेशन, सगळं एकाच खोलीत. दारावर पाटी 'नोटरी पब्लिक'. आपल्याकडे नोटरी म्हणजे बहुतेक वेळा कोर्टाबाहेर बसलेला, काळ्या कोटातला, बरीच वर्षं वकिली केलेला माणूस. माझ्या डोक्यात तेच चित्र. इथे नोटरी होण्यासाठी वकील असावं लागत नाही. सही करणारा तोच माणूस आहे ना, एवढं बघून तो शिक्का मारतो. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचीही 'नोटारिओ' या शब्दावरून अशीच फसगत होते, हे मला फार नंतर कळलं.

आणि तो मराठी बोलायचा. "ताई, गोरे वकील दहा हजार घेतील आणि तुमचं म्हणणं त्यांना कळणारही नाही. मी आहे ना." साडेचार हजार डॉलर ठरले. दोन हजार रोख दिले, उरलेले झेलने, म्हणजे बँकेतून फोनवर पैसे पाठवायच्या सोयीने. झेलच्या नोंदीत 'गिफ्ट' लिहा म्हणाला, म्हणजे तुम्हाला टॅक्सचा त्रास नको. मला त्यातही त्याचा चांगुलपणाच दिसला.

भावाकडून त्याने तीन-चार कोऱ्या पानांवर सह्या घेतल्या. "असायलमचा अर्ज टाकतो. दीडशे दिवस झाले की वर्क परमिट मागता येतं." असायलम म्हणजे मायदेशी छळ होईल म्हणून इथे मागितलेला आश्रय. दीडशे दिवसांचं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. तारीख जवळ आली तसा भाऊ कोर्टात काय बोलायचं ते विचारायला गेला. तेव्हा त्याने सांगितलं, "जायचंच नाही. मी तारीख पुढे घेतली आहे. गेलास तर दारातच धरतील."

भाऊ गेला नाही. न्यायाधीशांनी त्याच्या गैरहजेरीत हुकूम दिला. पुढे जो कागद पोस्टाने यायचा तो आमच्या घरी आलाच नाही, कारण पत्ता बदलल्याचा फॉर्म कोर्टात आधीच दाखल झाला होता. पत्ता त्या दुकानाचा.

हे उघड झालं ते एका मैत्रिणीमुळे. ती सहज म्हणाली, कोर्टाच्या संकेतस्थळावर ए-नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, बघ तरी. तारीख नव्हतीच. हुकूम झाल्याचं लिहिलेलं होतं. मी त्याला फोन केला तर म्हणतो, "कॉम्प्युटर जुनं दाखवतो, ताई." त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

मग नेवार्कमधली एक वकील मिळाली. नाव घेऊन आधी राज्याच्या वकील-यादीत शोधलं. परवाना चालू आहे का आणि पूर्वी काही कारवाई झाली आहे का, ते असं शोधता येतं. दोन मिनिटांचं काम, ते आम्ही पहिल्यांदा केलं नव्हतं. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्याने कुठल्याही राज्याचा परवाना चालतो. म्हणून कोणी म्हणालं की माझा परवाना दुसऱ्या राज्याचा आहे, तर त्या राज्याच्या यादीत शोधा, तिथेच विषय सोडू नका. वकील परवडत नसेल तर काही संस्थांत न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी असतात, वकील नसूनही. त्यातल्या पूर्ण मान्यतेच्या लोकांनाच कोर्टात उभं राहता येतं. फुकट काम करणाऱ्यांची यादी कोर्ट स्वतः देतं. एवढं सगळं होतं आणि आम्ही टॅक्सवाल्याकडे गेलो.

त्या बाईंनी फाइल मागवली आणि आमच्यासमोर एकेक पान उलटलं. असायलमच्या अर्जात शेवटी एक जागा असते: अर्ज दुसऱ्याने भरून दिला असेल तर त्याचं नाव, पत्ता, सही. ती कोरी. वकील प्रकरणात उभा राहिला की कोर्टात आपल्या नावाचा एक फॉर्म देतो. तोही नाही. अख्ख्या फाइलमध्ये त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं, पत्ता मात्र त्याचा. अर्जातली हकीकत वाचून भाऊ गप्पच झाला. कुठल्याशा गावात एका पक्षाच्या लोकांनी त्याला मारहाण केली म्हणे. त्या गावाचं नाव आम्ही दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. बाईंनी विचारलं, "शपथेवर हे खरं आहे असं म्हणाला होतास का?" नव्हता. म्हणाल्या, नशीब. असायलमचा अर्ज जाणूनबुजून खोटा केला असं ठरलं, तर पुढे इमिग्रेशनचे सगळे दरवाजे कायमचे बंद. शिवाय असा अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करायचा असतो. भावाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

गैरहजेरीतला हुकूम अपवादात्मक कारण दाखवून मागे घ्यायला लावता येतो, पण १८० दिवसांच्या आत. आमचे एकशे तिसाच्या आसपास गेले होते. अर्ज दाखल झाला की निकाल लागेपर्यंत हुकमाची अंमलबजावणी आपोआप थांबते, हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली. वकिलाच्या चुकीवर बोट ठेवायचं तर १९८८ च्या मॅटर ऑफ लोझाडा या निकालापासून तीन गोष्टी लागतात: सविस्तर शपथपत्र, त्या वकिलाला कळवून उत्तराची संधी, आणि बारकडे, म्हणजे वकिलांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार. आमचा माणूस वकीलच नव्हता. तरी बाईंनी शपथपत्र केलं आणि त्याला रीतसर पत्र पाठवलं. उत्तर आलं दोन ओळींचं: मी फक्त टायपिंग करून दिलं.

हुकूम मागे घेतला गेला. पण प्रकरण संपलं ते असं, की भावाने व्हॉलंटरी डिपार्चर घेतलं. ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त १२० दिवसांत, स्वतःच्या तिकिटाने जायचं. काढून टाकल्याचा हुकूम नावावर राहिला असता तर दहा वर्षं परत येण्याची बंदी लागली असती, ती टळली. बाई म्हणाल्या, डिसेंबरात माझ्याकडे आला असतात तरी मी बहुधा हेच सुचवलं असतं. म्हणजे साडेचार हजार, नंतरची त्यांची फी आणि वर्षभराची धाकधूक मोजून आम्ही जिथे पहिल्या दिवशी पोचलो असतो तिथेच पोचलो. आईला हे मी अजून नीट सांगितलेलं नाही.

पैशांसाठी राज्याच्या ग्राहक विभागात तक्रार केली आहे. त्यांनी पावती मागितली. माझ्याकडे झेलची नोंद आहे, तिच्यावर माझ्याच हाताने लिहिलेलं 'गिफ्ट'.