पाणी कोणते, हे आधी विचारणारे वर्कशॉप

भोसरी एमआयडीसीतील या वर्कशॉपमध्ये मुख्यतः जनरेटरची आणि शेतीपंपांची डिझेल इंजिने दुरुस्तीला येतात. बोटीच्या इंजिनासाठी मी तेथे गेलो तो एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आणि काहीशा नाइलाजाने. परंतु जे काम पाहायला मिळाले ते सविस्तर लिहून ठेवावे असे आहे, कारण जुनी इंजिने सांभाळणाऱ्या अनेकांना त्याचा उपयोग होईल.

आमची लाँच पानशेतच्या जलाशयात असते. तिच्या पोटात पर्किन्स ४.१०८ हे जुने इंजिन आहे. चार सिलिंडर आणि १०८ घनइंच, म्हणजे साधारण पावणेदोन लिटर क्षमता, असा त्या आकड्यांचा अर्थ. या इंजिनात पाण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. एका मार्गात हेडर टाकीतले हिरवे कूलंट इंजिनाच्या आतून फिरत राहते. दुसऱ्यात एक छोटा पंप धरणाचे पाणी खेचून हीट एक्स्चेंजरमधून नेतो आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर टाकतो. हीट एक्स्चेंजरमध्ये हे दोन्ही प्रवाह नळ्यांच्या पातळ भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा इंजिन तपासताना ऑइलची पट्टी बाहेर काढली, तर तिच्यावर दुधाळ चहाच्या रंगाचा, फेसाळ चिखलासारखा थर होता. चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातील, तेलाची पातळीही वाढलेली होती. तेलात पाणी गेले आहे, यात शंका नव्हती. भोसरीला जाण्याआधी ज्यांना मी इंजिन दाखवले त्या मेकॅनिकने पट्टी पाहताच हेड पॅकिंग (सिलिंडरवरचे झाकण म्हणजे हेड, त्याखालचे पॅकिंग) गेल्याचे सांगितले, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट, करावे लागेल असा निर्णय दिला आणि ८५,००० रुपयांचा अंदाजही लिहून दिला. तेल दुधाळ झाले की हेड पॅकिंग, हे समीकरण मोटारीच्या इंजिनात बऱ्याचदा बरोबर ठरते. मात्र बोटीच्या इंजिनात पाण्याला तेलापर्यंत पोहोचण्याची आणखी एक वाट असते, आणि ती त्यांनी पाहिलीच नाही.

भोसरीच्या मिस्त्रींनी फोनवरच पहिला प्रश्न विचारला, “साहेब, टाकीतलं हिरवं पाणी किती कमी झालंय?” मी टाकीवर खुणेची रेघ मारून ठेवली होती आणि दोन महिन्यांत पातळी त्या रेघेच्या खाली गेलेली नव्हती. “मग तेलात गेलेलं पाणी धरणाचं असणार. हेडला हात लावू नका, मी येऊन बघतो,” असे ते म्हणाले. माझ्या दृष्टीने निम्मे निदान त्या एका प्रश्नातच झाले होते. तरीही प्रत्यक्ष आल्यावर त्यांनी स्वतःच्या तर्कावर विसंबून न राहता तो तपासून घेतला. हेडर टाकीच्या झाकणावर ७ पौंडांचा आकडा होता. तेवढाच दाब हातपंपाने कूलंटच्या मार्गात भरून अर्धा तास ठेवला, तेव्हा काटा जागचा हलला नाही. काही गळती इंजिन तापल्यावरच उघडी पडते, म्हणून खराब तेल काढून, साधे तेल घालून, इंजिन थोडा वेळ चालवून तीच चाचणी पुन्हा केली. इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे येतात का, हेही टॉर्चच्या उजेडात पाहिले. बुडबुडे नव्हते, म्हणजे हेड पॅकिंगमधून ज्वलनाचा वायू पाण्यात येत नव्हता.

त्यानंतर ते धरणाचे पाणी खेचणाऱ्या पंपाकडे वळले. हा पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला गिअरवर चालतो. त्याच्या शाफ्टवर पाण्याच्या बाजूला एक सील आणि तेलाच्या बाजूला दुसरे सील असते, व दोन्हींच्या मधल्या पोकळीला खालून एक बारीक भोक ठेवलेले असते. पाण्याचे सील झिजले की पाणी त्या भोकातून बाहेर ठिबकावे आणि मालकाला वेळीच कळावे, एवढ्यासाठीच ते भोक असते. आमच्या पंपावर ते दिसतच नव्हते. मागे कधीतरी इंजिन रंगवताना तेही रंगाखाली बुजले होते. मिस्त्रींनी सेफ्टी पिनने रंगाचा पापुद्रा टोकरला, तेव्हा आधी तपकिरी साय बाहेर आली, मग काळपट थेंब आणि इंजिन सुरू केल्यावर स्वच्छ पाण्याची धार. सील गळत होते, बाहेर पडायची वाट बंद होती, म्हणून पाणी तेलाच्या सीलवरून गिअर केसमध्ये आणि तेथून चेंबरमध्ये उतरत होते. त्या धारेकडे पाहताना मला खरोखर भरून आले, कारण हे इंजिन माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने सांभाळलेले आहे आणि त्याचे हेड विनाकारण उतरवले जाणार होते.

पंप उतरवून भोसरीला नेला. शाफ्टवरून बोट फिरवले तर काही जाणवत नसे, पण नख फिरवले की सील बसते त्या जागी अडकत असे. अशा खाच पडलेल्या शाफ्टवर नवे सील घातले तर तेही थोड्या दिवसांत गळते, हे त्यांनी मला दाखवून समजावले आणि शेजारच्या लेथवर स्टेनलेस स्टीलचा नवा शाफ्ट करून घेतला. इंपेलरची, म्हणजे पंपात पाणी ढकलणाऱ्या रबरी चक्राची, दोन पाती तुटलेली होती. तुटलेले रबर जाणार कोठे, म्हणून त्यांनी हीट एक्स्चेंजरची टोपणे उघडली, तर तुकडे नळ्यांच्या तोंडाशी धरणाच्या गाळात रुतलेले सापडले. लोखंडी सळईने तांब्याच्या नळीला ओरखडा जातो म्हणून त्यांनी बांबूच्या काडीने एकेक नळी मोकळी केली. नंतर एक्स्चेंजरची तोंडे बंद करून, आत हवा भरून, सायकलची ट्यूब बुडवतात तसा तो पाण्याच्या टबात बुडवून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही.

चेंबर स्वच्छ करण्याचे कामही त्यांनी तितक्याच मनापासून केले. दुधाळ तेल एकदा काढून भागत नाही, ते कोपऱ्याकोपऱ्यांत चिकटून राहते. म्हणून साधे तेल घालून इंजिन थोडे चालवायचे आणि ते काढून टाकायचे, असे तीनदा केले, प्रत्येक वेळी फिल्टर बदलला आणि अखेरीस चांगले तेल भरले. काढलेले सगळे तेल कॅनमध्ये भरून ते परत घेऊन गेले, एक थेंबही बोटीच्या तळात सांडू दिला नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी पुणेकर पितात. बोटीच्या तळातले तेलकट पाणी पंपाने सरळ धरणात सोडणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

तक्रारी दोन आहेत. आठवड्यात काम देतो असे सांगून तीन आठवडे लागले; त्यातले आठ दिवस मुंबईहून इंपेलर येण्यात गेले हे मान्य, पण उरलेल्या दिवसांत मलाच फोन करत राहावे लागले. दुसरी तक्रार त्यांच्या मदतनिसाविषयी आहे. बोटीच्या पंख्याचा शाफ्ट जेथून बाहेर जातो तेथे पाणी अडवण्यासाठी शाफ्टभोवती ग्लँड दोरी भरलेली असते आणि शाफ्ट फिरत असताना तेथून थोडे थेंब पडणे आवश्यक असते, कारण त्या पाण्यानेच ती थंड राहते. मदतनिसाने ते ठिबकणे गळती समजून नट घट्ट आवळले. दहा मिनिटांत ग्लँडला हात लावणे अशक्य झाले आणि मला ते पुन्हा सैल करावे लागले. शेतीपंपांवर काम करणाऱ्यांना ग्लँड दोरी नवी नाही, तेव्हा ही चूक व्हायला नको होती. मिस्त्रींनी ती लगेच मान्य केली आणि पानशेतच्या त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

एकूण बिल १९,४०० रुपये झाले. त्यात शाफ्ट, दोन्ही सील, इंपेलर, तेल आणि दोन फेऱ्यांचे भाडे आले. पंपावरच्या त्या भोकाभोवती त्यांनी लाल रंगाचे वर्तुळ काढून दिले आहे आणि दहा तास इंजिन चालल्यावर तेलाचा नमुना दाखवायला सांगितले होते. मी तो नेऊन दाखवला. त्यांनी तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकला, तो तडतडला नाही.

वर्कशॉप गुरुवारी बंद असते. जाताना जुन्या तेलाची छोटी बाटली बरोबर न्यावी आणि कूलंटची पातळी आधी काही दिवस लिहून ठेवावी, कारण ते पहिल्यांदा तेच विचारतील.